गाडी कितीला पडली

परदेशातून परतलेल्या माणसाला तिथलं हवापाणी विचारावं, माणसं कशी होती ते विचारावं. मला आमच्या जळगावात आजवर एकच प्रश्न विचारला गेला. "कितलाले पडनी रे भो?" म्हणजे इटलीहून आणलेली स्कूटर कितीला पडली. मी प्रत्येकाला वेगळा आकडा सांगितला. सराफ बाजारातल्यांना थोडा वाढवून, कारण त्यांच्यापुढे कमी आकडा सांगायची लाज. गिरणीतल्या सोबत्यांना थोडा उतरवून, कारण त्यांच्यापुढे जास्त सांगायची लाज. खरं काय ते आई असेपर्यंत सांगता येत नव्हतं. ती गेल्या पौषात गेली. आता ज्यांनी इटली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं तिथलं लिहितो. जळगाव-धुळे रस्ता मात्र आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला आहे, तरी तो माझ्याबरोबर आणखी एकदा पाहावा अशी विनंती आहे.

बोलोन्या

मी तेलाच्या गिरणीतला फिटर. आमच्या शेटजींनी तेल काढायची नवी यंत्रं इटलीतून मागवली, आणि ती जोडायला, दुरुस्त करायला शिकून यावं म्हणून मला तिकडे धाडलं. मुदत दहा महिन्यांची. जेठात निघायचं आणि फाल्गुनात शिकणं संपवून परतायचं. निघताना आईने बाकी काही बजावलं नाही, फक्त दोनदा म्हणाली, "आखाजीना पहिले ये भो. अक्काले लेवाले जावानं शे."

खानदेशाबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी. दिवाळी एक वेळ कोरडी गेली तरी चालेल, पण आखाजीला सासरी दिलेली लेक माहेरी आलीच पाहिजे. निंबाच्या झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आमरसाची पातेली भरतात, आणि भरल्या घरच्या पोरी कामाला हात न लावता दिवसभर झोक्यावर गाणी म्हणतात. मात्र लेकीने आपली आपण यायचं नसतं. भावाने जाऊन तिला आणायचं. या आणायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. जिच्या दारी मुऱ्हाळी आला नाही, तिला गल्लीतल्या बाया पुढची आखाजी येईपर्यंत ऐकवतात. माझी थोरली बहीण अक्का धुळ्याला, देवपुरात दिलेली. वडील मी लहान असतानाच गेले, भाऊ मी एकटा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी अक्काला मूल नव्हतं, त्यामुळे तिच्या वाट्याला ऐकणं तसंही जास्तच होतं. आखाजीचे पंधरा दिवस, तेवढाच तिचा विसावा.

बोलोन्या हे गाव लाल विटांचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमानी आणि कमानींखाली फरसबंद ओटे, अख्ख्या गावभर. भर पावसात छत्रीवाचून कारखान्यात जाता येई. खाण्याचे मात्र हाल. मक्याचं पीठ घाटून त्याची वडी पाडतात, ती मी सकाळ-संध्याकाळ खाल्ली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची आठवण काढली. वांगी मिळत, पण माझी घरमालकीण ती तळून, वर चीज पसरून भट्टीत कोंडत असे. एकदा न राहवून मीच तिच्या शेगडीवर भरताचं वांगं भाजायला ठेवलं, तर धूर पाहून वरच्या मजल्यावरची माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन खाली धावली. नंतर त्यांनी ते भरीत चाखलं. चांगलं आहे म्हणाले, पण दुसऱ्यांदा मागितलं नाही.

घरमालकीण विधवा होती, साठीची. तिकडच्या रीतीने मी तिला सिन्योरा म्हणत असे. तिची लेक शेजारच्या गावी दिलेली. ती दर रविवारी सायकलवर बसून एकटी यायची, आईशी भांडायची, जेवायची आणि संध्याकाळी परत जायची. ना कोणी आणायला गेलेलं, ना कोणी पोचवायला. मला आधी ते चमत्कारिक वाटलं आणि मग हेवा वाटला.

आणि स्कूटरी! गावात जिकडे पाहावं तिकडे स्कूटरी. कारखान्यातला हमालसुद्धा रविवारी बायकोला मागे बसवून टेकडीवर जायचा. माझ्या शेजारच्या यंत्रावरचा एक पोरगेला गडी लग्न ठरल्यामुळे आपली गाडी विकायला निघाला होता. फिकट हिरवा रंग, पुढे गोल दिवा. ऐंशी हजार लिरा म्हणाला. वाचकांनी घाबरून जाऊ नये, तिथे किलोभर पावाला शंभरावर लिरा मोजावे लागत. आपले सहाशेच्या वर रुपये होत होते. शिवाय जहाजाचं भाडं आणि मुंबईची जकात होतीच. माझ्याजवळ त्यातलं काहीच नव्हतं. पण कारखान्याला जोडारी हवे होते. मुकादम म्हणाला, शिकणं संपल्यावर सहा-सात महिने पुऱ्या पगारावर राहा.

राहायचं म्हणजे आखाजी चुकणार. मी चार दिवस विचार केला असं म्हणतो खरा, पण पहिल्याच दिवशी मी मनाने गाडीवर बसलो होतो. बाकीचे तीन दिवस कारण शोधण्यात गेले. कारणही असं सापडलं, की त्याची मला आजही शरम वाटते. मी मनाला सांगितलं, हे सगळं अक्कासाठीच आहे. धूळ तुडवत येणारा मुऱ्हाळी काय, कोणालाही असतो. स्कूटरवर येणारा मुऱ्हाळी अख्ख्या धुळ्यात कोणाला आहे? एक आखाजी चुकली तर पुढच्या आखाजीला सगळं भरून काढू.

शेटजींना लिहिलं की यंत्राचा नवा नमुना येतो आहे, तोही शिकून येतो. ते निदान अर्धं खरं होतं. आईला वाचता येत नव्हतं, शेजारचे मास्तर पत्र वाचून दाखवत. तिला लिहिलं, "साहेब सोडत नाहीत. शिकणं कार्तिकापर्यंत वाढलं आहे. माझा इलाज नाही." तीन वाक्यं, तिन्ही खोटी.

सिन्योराला मी कधीतरी मुऱ्हाळीची रीत सांगितली होती, तेव्हा ती पोट धरून हसली होती. मी राहतो म्हटल्यावर ती हसली नाही. तिने विचारलं, "मग यंदा कोण जाणार?"

"जाईल कोणीतरी," मी म्हणालो.

"आणि आई काय म्हणाली?"

"आई म्हणाली, राहा."

परक्या भाषेत खोटं बोलणं सोपं जातं, जिभेला चटका बसत नाही. त्या आखाजीला मी हप्त्याने घेतलेली गाडी धुतली, पुसली, कारखान्यातल्या एका मित्राला मागे बसवून टेकडीवरच्या देवळापर्यंत गेलो आणि उतारावर बसून हंगामातल्या पहिल्या चेऱ्या खाल्ल्या. फार गोड होत्या.

जळगाव

कार्तिकात परतलो. गाडी लाकडी पेटीत बसून मागाहून मालगाडीने आली. मालधक्क्यावर पेटी फोडली तेव्हा केळीच्या गाड्या भरणारे हमाल काम टाकून भोवती जमले. आईने दिव्याला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला, आणि गाडीला हात लावून पाहिला. ती बरीच वाळलेली दिसली. मी म्हटलं, उन्हाळा जड गेला असेल.

"आखाजीले अक्काले लेवाले कोन गयथं?" मी विचारलं.

"औंदा तिले जमनं नही," आई चुलीकडे वळून म्हणाली. "त्यासना घर काम व्हतं."

मला एवढं उत्तर पुरेसं झालं. ज्या उत्तराने आपली सुटका होते ते माणूस उलटून पाहत नाही.

एरंडोल, पारोळे

पुढच्या आखाजीला दोन दिवस असताना मी दिवस उगवायला निघालो. आईने अक्कासाठी नवं लुगडं, सासरच्यांसाठी सांजोऱ्यांचा डबा, माझ्यासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गिरणा नदी ओलांडली तोवर हवा गार होती. नंतर वैशाखाने आपलं रूप दाखवलं. दोन्ही अंगांना भेगाळलेली काळी रानं, कडेला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचे ढीग, आणि तोंडावर भाजत येणारा वारा. बैलगाड्या दिसल्या की मी गाडी बंद करून उतरायचो, कारण तिचा आवाज ऐकून बैल शेतात शिरत आणि गाडीवान माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत. एक म्हातारा मात्र शिव्या देऊन झाल्यावर खाली उतरला, सीट दाबून पाहिली आणि म्हणाला, "कितलाले पडनी?"

एरंडोलला पेट्रोल घेतलं. या गाडीला पेट्रोलातच तेल मिसळून द्यावं लागतं. तसं सांगितल्यावर दुकानदार माझ्याकडे संशयाने पाहू लागला.

"पेट्रोलमध्ये तेल? साहेब, आमच्याकडे भेसळ होत नाही."

"अहो, गाडीच तसली आहे."

"मग कोणतं घालू? शेंगदाण्याचं चालेल का करडीचं?"

मी तेलाच्या गिरणीतला माणूस, मला हसू आवरेना. यंत्राचं तेल शोधून आणेपर्यंत तासभर गेला आणि तेवढ्यात गाडीभोवती अर्धा बाजार जमला. पारोळ्याच्या अलीकडे प्लग काजळला. निंबाखाली बसून तो घासला, दशम्या खाल्ल्या, रहाटावरचं पाणी प्यालो. मन खुशीत होतं. धुळ्यात शिरताना रुमालाने तोंड पुसलं, भांग पाडला आणि भोंगा वाजवत देवपुरात गेलो.

देवपूर

अक्काची सासू ही कडक बाई. दरवर्षी मुऱ्हाळी म्हणून गेलो की ती मला दोन तास ओट्यावर बसवून ठेवायची आणि मग "पाहू, कामं आवरली तर धाडू" म्हणायची. त्या दिवशी ती गाडीचा आवाज ऐकून स्वतः ओट्यावर आली. गूळपाणी झालं, चहा झाला, शेजारणी बोलावून झाल्या. दाजी मिलमध्ये पाळीवर होते, त्यांना निरोप गेला.

"लई जा बरं अक्काले," ती आपण होऊन म्हणाली. "पंधरा दिन काय, महिनाभर ऱ्हाऊ दे."

मग पदर डोक्यावरून घट्ट ओढून ती म्हणाली की मारुतीच्या पारापर्यंत एक चक्कर मारून आण. मी तिला मागे बसवून नेलं. ती माझा खांदा धरून सारखी "हळू, हळू" म्हणत होती, आणि प्रत्येक दारातल्या बाईला नावाने हाका मारत होती. मला वाटलं, जिंकलं. त्या सहा-सात महिन्यांचं चीज झालं.

एक अक्काच तेवढी हसत नव्हती. मी तहानेने तांब्याभर पाणी घटाघट प्यालो तेव्हा ती दाराच्या चौकटीला टेकून माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहत होती. तिला वाईट वाटलं असेल, मी गेल्या आखाजीला आलो नाही म्हणून, असं मी धरून चाललो.

पांझरा

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मागे बसवून निघालो. गल्ली दारात उभी होती. पांझरा नदीवरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, लागली तशी तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

"दामू, आठे थांब."

मी थांबलो. ती उतरून कडेला गेली. खाली नदी कोरडी ठाक, नुसती वाळू. बायांनी ठिकठिकाणी झिरे खणले होते आणि वाटीवाटीने पाणी उपसून हंडे भरत होत्या.

"मांगना साल माय आठे पडनी व्हती," अक्का म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. माझं पत्र मास्तरांनी वाचून दाखवल्यावर आईने ते कोणाला सांगितलं नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी ती एकटी एस.टी.च्या मोटारीत बसून धुळ्याला आली. आई मुऱ्हाळी म्हणून गेल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. फरशीवरून वळसा पडतो म्हणून ती भर दुपारी पात्रातून चालत देवपुरात पोचली आणि ओट्यावर बसली. सासूने तांब्या पुढे ठेवला. आईने त्याला हात लावला नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही ही आमची रीत आहे. धाकट्या भावाला ती लागू नाही, म्हणून मी दरवर्षी तिथे पोटभर जेवून येत होतो आणि हे मला कधी सुचलंही नव्हतं.

सासू म्हणाली, "मायले मुऱ्हाळी धाडतस का कोनी? भाऊ येई तवय धाडसूत."

आई दोन घटका तशीच बसली. मग सांजोऱ्यांचा डबा ओट्यावर ठेवून, हात जोडून उठली. अक्काला उंबरा ओलांडू दिला नाही. आल्या वाटेने आई एकटी परत गेली आणि या वाळूत चक्कर येऊन पडली. झिऱ्यावरच्या बायांनी तिच्या तोंडात पाणी घातलं, शुद्धीवर आल्यावर मोटार स्टँडपर्यंत पोचवलं. त्यातली एक अक्काच्या शेजारची होती, तिने संध्याकाळी येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. त्या दिवशी आम्ही मेलेल्या बापालाही घागर भरून पाणी देतो. आणि मी चेऱ्या खात होतो.

"तुन्हा काय दोष?" अक्का म्हणाली. "साहेबनी सोडं नही, तू काय करशी?"

ती हे मनापासून म्हणाली. मी गप्प बसून किक मारली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण तिने मला माफ केलेलं पाहून मला उभं राहवेना.

"अक्का," मी म्हणालो, "साहेबनी सोडेल व्हतं. फागुनमाच. मी राह्यनू. ह्या गाडीकर्ता."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. गाडीकडे पाहिलं, दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत, सावकाश. मग पुढे ठेवलेलं आपलं गाठोडं उचललं आणि फरशीच्या कडेने खाली वाळूत उतरली. मी हाका मारल्या. ती स्टँडच्या दिशेने चालत राहिली. मी गाडी ढकलत मागे निघालो. चाकं वाळूत रुतत होती, अंगावरचा नवा सदरा घामाने भिजला. झिऱ्यावरच्या एका बाईने वाटी खाली ठेवून कीव येऊन विचारलं, "बंद पडनी का भाऊ?" मी हो म्हटलं.

स्टँडवर ती जळगावच्या मोटारीत खिडकीशी बसली होती. मी खाली उभा राहून पुन्हा पुन्हा विनवलं. माय वाट पाहील, लोक काय म्हणतील, असंही म्हणालो. मोटार सुटायच्या वेळेला ती बोलली.

"मायले हाई सांगू नको."

"अक्का, मी तिचे पाय धरीन..."

"नको. ती बठ्ठास्ले, साऱ्या गल्लीले सांगस, मन्हा पोऱ्या इतला गुणना शे, साहेब त्याले सोडतंच नही. मन्हा सासूलेबी तेच सांगं तिनी. त्या ओटावर बसीसन, कोरडा तोंडवरी." तिने गाठोडं मांडीवर ओढलं. "तितलं तरी तिले ऱ्हाऊ दे."

मी मोटारीच्या मागे राहिलो. पन्नासावर मैल तिची धूळ खाल्ली. पुढे जाता आलं असतं, पण धीर झाला नाही. पारोळ्याला, एरंडोलला मोटार थांबली की मीही थांबायचो, आणि लोक गाडीभोवती जमून विचारायचे ते विचारायचे. मी काय आकडे सांगितले ते आठवत नाही. अक्का खाली उतरली नाही.

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी तिला गाठलं आणि गाडी हाताने ढकलत तिच्या मागून चाललो. आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. भोवती शेजारच्या बाया. आईने लेकीवरून तुकडा ओवाळला, तिला जवळ घेतलं, आणि मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून गोंधळली.

"मोटारमा काब्र उनी व? भाऊनी गाडी व्हती ना?"

"माले चक्कर येस माय त्या गाडीवर," अक्का म्हणाली आणि पाय धुवायला ओट्यावर बसली.

बाया हसल्या. एकीने विचारलं, "दोन सालमा उनी ना व पोर?"

"मांगना साल याले साहेबनी सोडं नही," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "नही ते हाऊ ऱ्हातस का तिकडे? बहीनवर इतला जीव शे त्याना." आणि ती माझ्याकडे वळली. "नही का रे?"

अक्काचा पाण्यातला हात थांबला. तिने मान वर केली नाही.

"हो माय," मी म्हणालो. "नही सोडं."

आईने समाधानाने मान हलवली. मग हातात उरलेला भाकरतुकडा तिने माझ्यावरूनही ओवाळला आणि लांब फेकून दिला.